आखडलेली बोटं ओढू नका



उसाच्या ट्रॉलीवरून नाहीतर झाडावरून माणूस पडतो, मानेला मार बसतो. जीव वाचतो, पण हातापायांतली ताकद जाते. घरी आणल्यावर बोटं थोडी वळलेली दिसतात. मग घरचे म्हणतात, "बोटं आखडली, तेल लावून रोज ताणा." माया खरी, पण अशा ताणण्यानं उरलीसुरली पकडही जाऊ शकते. ते कसे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

मानेतून मज्जातंतूंच्या ८ जोड्या निघतात. ढोबळ मानाने ६ वी मनगट वर उचलते, ७ वी कोपर सरळ करते आणि ८ वी बोटं मिटवते. पाट फुटला की खालच्या सऱ्या कोरड्या राहतात, तसेच इथे होते. ६ वी जोडी शाबूत राहून खालच्या गेल्या, तर बोटं हलत नाहीत. मनगट मात्र उचलता येते.

आता स्वतःचा हात सैल सोडून पाहा. मनगट खाली झुकले की बोटं उघडतात, वर उचलले की आपोआप मिटतात. याच युक्तीने रुग्ण चमचा, कागद उचलायला शिकतो. त्यासाठी बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध, जरा आखूडच हवेत. म्हणून व्यायाम देताना मनगट खाली झुकवूनच बोटं उघडावीत, आणि मनगट वर करताना ती मिटवावीत. दोन्ही एकदम ताणू नयेत. सांधे मात्र ताठ होऊ देऊ नयेत.

बधिर हाताला चटका कळत नाही. चहाचा पेला, चूल यांपासून जपावे. थोडी जाणीव उरली असेल, तर ज्वारी, कापूस, गोणपाट डोळे मिटून ओळखावे आणि उघडून खात्री करावी. रोज थोडा वेळ केले, तर स्पर्श ओळखण्यात सुधारणा होऊ शकते.

काही रुग्णांत चालू मज्जातंतू किंवा स्नायूबंध जोडून पकड वाढवता येते. मज्जातंतूची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षाच्या आत झालेली बरी, म्हणून सल्ला लवकर घ्यावा. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून सरकारी पुनर्वसन संस्था आहे. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्यांच्या कमरेखालची शक्ती गेली होती, हात शाबूत होते. त्या हातांनी केवढे काम झाले, ते आपण जाणतोच.

तेव्हा तेलाची वाटी घेण्याआधी भौतिकोपचार तज्ज्ञाला विचारा, ही विनंती.