हाताला लागणारा प्रोग्राम

सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्ड मागाच्या माथ्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबलचक माळ फिरत असते. चादरीवरचा मोर त्या माळेत असतो. आधी मोर चौकटीच्या ग्राफ कागदावर उतरतो, मग ओळीगणिक एकेक कार्ड पंच होतं आणि सगळी कार्डं दोऱ्यानं एकमेकांना जोडली जातात. एक आडवा धागा पडला की माळ एका कार्डानं पुढे सरकते. कार्डाला जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिला जोडलेला आकडा जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. मोराची मान, पिसारा, चादरीची किनार हे सगळं ‘भोक आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावरच उमटतं.

जुन्या संगणकांच्या आठवणीनं आजही काही माणसं हळवी होतात. त्यांना नेमकं काय हवंहवंसं वाटतं, हे मला या माळेकडे पाहून कळतं. त्या यंत्रांचं काम समजून घेता येत होतं. प्रोग्राम हाताला लागत होता.

माग आणि संगणक यांचं नातं रक्ताचंच आहे. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ-मारी जाकारनं १८०४च्या सुमारास हा माग पुढे आणला. संगणकाचा आराखडा मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजकडे जाकारची रेशमात विणलेली तसबीर होती. ती विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती! आपल्या नियोजित यंत्राला सूचना देण्यासाठी बॅबेजनं अशीच कार्डं निवडली. पुढे १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली.

घरात आलेल्या पहिल्या संगणकांनी कार्डाऐवजी कॅसेट घेतली. १९८२चा झेडएक्स स्पेक्ट्रम टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवरून चढवायचा. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन त्याची आवृत्ती विकली. ही कॅसेट स्पीकरवर वाजवली तर नुसती किरकिर ऐकू यायची, पण त्या किरकिरीला हिशेब होता. शून्यासाठी आखूड स्पंदनं, एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीची. सेकंदाला साधारण दीड हजार बिट, म्हणजे ४८ किलोबाइटची स्मृती भरायला चार-पाच मिनिटं लागत. तेवढा वेळ पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावत राहत. पट्टे मध्येच थांबले की प्रोग्राम चढणं अडलं हे पोराटोरांनाही कळे. आणि मशीन चालू केलं की समोर थेट बेसिक ही भाषा हजर. प्रोग्राम लिहायला वेगळं काही विकत आणावं लागत नसे.

मग डॉस या कार्यप्रणालीचा जमाना आला. क्लासच्या दारात चपला काढून एसीच्या खोलीत शिरायचं आणि काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेपुढे ‘डीआयआर’ टाइप करायचं, हे महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांचं संगणकाशी पहिलं बोलणं. डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका फ्लॉपीत मावत. सुरू होताना मशीन काय काय करणार, ते ‘ऑटोएक्झेक’ नावाच्या फाइलीत साध्या ओळींत लिहिलेलं असे. एक ओळ बदलून पाहायची, बिघडलं तर पूर्ववत करायची. आजचा फोन त्या यंत्रांपेक्षा सर्वार्थानं सरस आहे, याबद्दल वाद नाही. पण तो आपलं काम उघडून दाखवत नाही, आणि शिकणाऱ्या मुलाचं यात फार मोठं नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं.

मराठीलाही या काळाचं देणं आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान एका सर्किट कार्डाच्या रूपात पीसीत बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्या कामात मोहन तांबे आघाडीवर होते.

काळजी वाटते ती या सगळ्याच्या जतनाची. मायक्रोसॉफ्टनं डॉसच्या जुन्या आवृत्त्यांचा मूळ कोड २०१४मध्ये आणि पुन्हा २०२४मध्ये खुला केला. जुनं मशीन आजच्या लॅपटॉपवर हुबेहूब चालवणारे एम्युलेटरही फुकट मिळतात. पण आपल्या कपाटातल्या फ्लॉपींचं काय? त्यांचा चुंबकीय लेप उतरतो, दमट हवेत बुरशी धरते, ड्राइव्ह मिळेनासे झालेत. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत अक्षरं बहुधा इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. त्यामुळे फाइल वाचली आणि फॉन्ट हरवला, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कालवा दिसतो.

जेकार्डही आता इलेक्ट्रॉनिक होत आहे. सुयांचं काम विद्युतचुंबक करतात आणि मोर फाइलीत जातो. पण जुन्या कार्डांच्या माळा रद्दीत घालण्याआधी एकेका कार्डाचा मोबाइलवर, अनुक्रमानं, एकसारख्या उजेडात फोटो काढून ठेवता येईल. भोकं मोजून ते डिझाइन कधीही पुन्हा उभं करता येतं, त्यासाठी कुठलाच ड्राइव्ह लागत नाही. फ्लॉपीला मात्र इतकी सवड नाही. ज्यांच्याकडे जुनी डिझाइनं किंवा मराठी मजकूर फ्लॉपीत आहे, त्यांनी संपूर्ण डिस्कची प्रत आत्ताच काढावी आणि फॉन्टची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.