-ऊन राहणे (नागपुरी मराठी)

'-ऊन राहणे' ही नागपूर व विदर्भाच्या अन्य भागांतील बोलीत चालू क्रिया दर्शविणारी क्रियापदरचना आहे. 'मी जाऊन राहिलो' याचा नागपुरी अर्थ 'मी जात आहे' असा होतो. बोलण्यात 'राहिलो'ऐवजी पुष्कळदा 'राह्यलो' असा उच्चार ऐकू येतो.

रचना

'ऊन' प्रत्ययान्त धातुसाधित अव्यय (जाऊन, करून, खाऊन) आणि त्यापुढे 'राहणे'चे भूतकाळी रूप, अशी ही रचना आहे. रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ वर्तमानाचा असतो. भूतकाळासाठी 'होता' जोडतात: 'तो जाऊन राहिला होता'. नकारात 'नाही' मध्ये येते: 'बस येऊन नाही राहिली'.

'राहणे' अकर्मक असल्यामुळे मुख्य क्रिया सकर्मक असतानाही कर्तरी प्रयोग होतो. 'सीतेने चहा केला' यात क्रियापद कर्मानुसार चालते. 'सीता चहा करून राहिली' यात ते कर्त्यानुसार चालते.

प्रमाण मराठीशी तुलना

प्रमाण मराठीत 'ऊन' प्रत्यय सामान्यतः आधी घडलेली क्रिया दाखवितो. त्यामुळे 'तो पुण्याला जाऊन राहिला' म्हणजे तो तेथे गेला व तेथेच त्याने मुक्काम केला. नागपुरी श्रोत्यास याच वाक्यातून तो पुण्याच्या वाटेवर असल्याचा बोध होऊ शकतो. नेमका अर्थ संदर्भावरून ठरतो. 'बसून राहणे', 'पडून राहणे' यांसारख्या प्रमाण प्रयोगांत मात्र क्रियेनंतरची स्थिती टिकून असते.

उगम

ही रचना हिंदीतील 'जा रहा है' या रचनेशी समांतर असून हिंदीच्या निकट संपर्काचा परिणाम मानली जाते. १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे शहर हिंदी व मराठी भाषकांच्या सामाईक राज्यात राहिले. हिंदीतील नुसत्या धातूच्या जागी मराठीने स्वतःचे 'ऊन' रूप योजले; म्हणजे साचा हिंदीचा, परंतु प्रत्यय व क्रियापद दोन्ही मराठीच आहेत.

लेखनातील स्थान

शालेय व औपचारिक लेखनात 'जात आहे' हेच रूप अपेक्षित असते. त्यामुळे विद्यार्थ्याने निबंधात '-ऊन राहिलो' लिहिल्यास ते चुकीचे धरले जाते. तथापि काळ, नकार व प्रयोग यांबाबत ही रचना ठरावीक नियम पाळते. म्हणून तिला अशुद्ध मराठी म्हणण्यापेक्षा बोलीचे स्वतंत्र व्याकरणिक रूप म्हणणे अधिक यथार्थ ठरते.