'चालायला जाईन' म्हणणे आणि जाणे



मोट गेली, विजेचा पंप आला. नांगरामागे दिवसभर चालणारा गडी आता ट्रॅक्टरवर बसतो. बांधावर जायचे तरी मोटारसायकल लागते. मग पन्नाशीत रक्तदाब नाहीतर साखर निघते आणि डॉक्टर सांगतात, "रोज चालत जा." आपण "हो" म्हणतो, चार दिवस जातो, पुढे राहून जाते. असे का होते, याचा विद्यापीठांतून रीतसर अभ्यास झाला आहे.

आधी चालण्याने खरोखर फरक पडतो का, ते पाहू. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देत जिना चढउतर करी. डॉ. जेरी मॉरिस यांनी या दोघांची तुलना करून १९५३ साली ती प्रसिद्ध केली. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. बैठ्या कारकुनांपेक्षा पत्रे वाटत फिरणाऱ्या पोस्टमनमध्येही तो कमीच होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. झपाझप चालणे त्यात धरतात.

हे पटले तरी पाय उचलत नाही. ब्रिटनमध्ये सारा मिल्न व सहकाऱ्यांनी २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट करून पाहिले. पहिल्या गटाला व्यायामाचे महत्त्व सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकार व व्यायाम यांची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि शिवाय पुढल्या आठवड्यात कोणत्या वारी, किती वाजता, कोठे व्यायाम करणार, हे लिहून घेतले. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. आठवड्यात निदान एकदा व्यायाम करणारे पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के निघाले! पुढच्या सर्वच प्रयोगांत एवढा मोठा फरक दिसला नाही, पण उपयोग होतो असेच एकंदरीत आढळले.

म्हणजे नुसत्या उपदेशाने भागत नाही. वेळ आणि जागा ठरली पाहिजे. आपल्याला यात नवल वाटायला नको. "जमंल तसं पाणी देऊ" म्हणणाऱ्याचा ऊस वाळतो, पण पाळीचा वार ठरलेला असला की माणूस न सांगता पाटावर हजर होतो. म्हशीच्या धारेची वेळ कोणी चुकवत नाही. वेळ आली की विचार करावा लागत नाही, काम आपोआप सुरू होते.

दुसरी गोष्ट 'मला हे जमेल' या भरवशाची. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली मांडले, की हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून जमल्यावर. आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहूनही तो येतो. म्हणून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटरचा हट्ट नको. दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि शेजाऱ्याला बरोबर घ्या. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता एक काम करा. "सकाळी डेअरीला दूध घातले की तेथूनच मळ्यापर्यंत चालत जाईन," असे आपल्या सोयीचे एक वाक्य लिहून काढा आणि घरात सर्वांना दिसेल असे लावा. घरातील भगिनींनीही आपले वाक्य वेगळे लिहावे. घरकाम पुष्कळ झाले, म्हणून त्यांचे चालणे मागे पडू देऊ नये.