पट्टीमागची उधारीची वही

28 जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बातुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. असे सामने पडद्यावर बघताना आपली नजर पटापेक्षा कोण किती पुढं आहे ते दाखवणाऱ्या, कडेच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवरच जास्त असते. ‘खेळी झाली रे झाली की या पट्टीला आकडा सांगतं कोण?’ हा प्रश्न हमखास येतो.

सांगतं बहुधा स्टॉकफिश, हे मोफत मिळणारं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे डाव पारखणारा प्रोग्रॅम. पण यंत्रांच्या बुद्धिबळाचा विषय निघाला की कौतुक होतं ते 2017 च्या अल्फाझीरो या स्वतःशीच खेळून शिकणाऱ्या प्रोग्रॅमचं. चार तासांच्या सरावात स्टॉकफिशला मागं टाकलं आणि पुढं शंभर डावांत त्याला 28-0 नमवलं (उरलेले 72 बरोबरीत)! तास चारच, खरं आहे. पण तेवढ्यात सरावाचे डाव खेळायला गुगलच्या 5,000 खास चिप राबत होत्या, हे सांगायचं मात्र राहून जातं.

मला जास्त आवडतो तो यू नासू. या जपानी संशोधकानं 2018 मध्ये शोगीसाठी, म्हणजे जपानी बुद्धिबळासाठी, एक युक्ती काढली. न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या गणिती जाळ्याची, डावाची पारख चांगली, पण साध्या प्रोसेसरवर ते फार संथ. इंजिनला तर सेकंदाला लाखो स्थिती तपासायच्या असतात. नासूनं हेरलं की एका खेळीनं पटावर बदलतं ते किती? एक मोहरा एका घरातून उठतो, दुसऱ्यात बसतो, फार तर एखादा मारला जातो. मग सगळं गणित पुन्हा कशाला?

किराणा दुकानदार उधारीची वही पहिल्या पानापासून थोडीच बेरजेला घेतो! मागील बाकीत नवी रक्कम मिळवली, जमा झाली ती वजा केली, की झालं. नेटवर्कचा पहिला, सगळ्यात अवजड थर नासूनं असाच चालवला. राजा हलला तरच त्या बाजूचा हिशेब नव्यानं मांडायचा, कारण प्रत्येक मोहऱ्याची नोंद राजाच्या घराशी बांधलेली असते.

नासूचा निबंध जपानीत, खेळ शोगी. बुद्धिबळात ही युक्ती रुळायला 2020 चा स्टॉकफिश 12 यावा लागला. आज तीच युक्ती ही पट्टी हलवते. पट्टीवर नासूचं नाव नसतं. पण उधारीच्या वहीत तरी दुकानदाराचं नाव कुठं असतं? गिऱ्हाइकांचीच असतात.