पकड आणि सरक : जोडीच्या नाचासाठी पायात काय घालावं?

(ओतूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातले वळण शक्यतो तसेच ठेवले आहे.)

आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते आम्हाला इथून दिसतंय. ओतूरमध्ये आणि जोडीचा नाच? त्यात पुन्हा बुटांवर व्याख्यान? तर आधी एक सांगतो. जोडीचा नाच आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. फुगडी हा काय एकटीनं करायचा प्रकार आहे का? दोघी समोरासमोर उभ्या राहतात, हातांची अढी घालतात, पाय जवळ घेतात, मागे झुकतात आणि गरगर फिरतात. एकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. जगातल्या कुठल्याही जोडीच्या नाचाचं मूळ सूत्र हेच आहे.

फरक पडलाय तो गेल्या काही वर्षांत. लग्नाच्या आदल्या रात्री आता संगीत असतं. नवरा-नवरी गाण्यावर जोडीनं नाचतात, बहिणी-भावजया नाचतात, नवरात्रात दांडिया असतो. पुण्याला शिकायला गेलेली मुलं-मुली साल्सा, बचाटा शिकून येतात. नाच महिनाभर शिकतात, कपडे दोन महिने आधी ठरतात, आणि पायात काय घालायचं हे आदल्या दिवशी संध्याकाळी ठरतं. मग घोटा मुरगळतो, गुडघा धरतो. लग्न एका दिवसात उरकतं, गुडघा मात्र पुढे कित्येक वर्षं त्रास देतो. म्हणून हा विषय घेतला.

मातीचा पैलवान आणि मॅटचा पैलवान

तुमच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी कुस्त्या होतात. मातीत उतरणारा पैलवान अनवाणी असतो. तोच पैलवान मॅटवर खेळायला गेला की घोट्यापर्यंतचे, रबरी तळाचे बूट घालतो. माणूस तोच, डावही बरेचसे तेच. बदलली ती जमीन. मऊ मातीत पायाची बोटं रुततात, पकड मिळते. मॅटवर बोटं रुतत नाहीत, म्हणून ती पकड बुटानं द्यायची.

नाचाचंही असंच आहे. पाय जमिनीकडे दोन गोष्टी मागतो. एक पकड आणि दुसरी सरक. पकड नसेल तर माणूस घसरतो. सरक नसेल तर पाय जमिनीला चिकटून बसतो आणि वरचं शरीर तेवढं फिरतं. बहुतेकांना घसरण्याची भीती वाटते, चिकटण्याची वाटत नाही. खरं तर चिकटणं जास्त फसवं, कारण ते कळतच नाही.

गुडघा हा बिजागरीसारखा सांधा आहे. दाराची बिजागरी उघड-मीट करते, तसा तो वाकतो आणि सरळ होतो. पिळ मात्र त्याला फारसा सोसत नाही. आता रबरी तळाचा, खाचांचा स्पोर्ट्स शूज घालून तुम्ही गर्रकन गिरकी घेतली. बूट फरशीला धरून बसला, कंबर फिरली. मधला पिळ कुठे जाणार? थोडा घोट्यात, बाकी गुडघ्यात. एकदा केलं तर काही होत नाही. पण तालमीला तीच गिरकी शंभर वेळा होते. धावायचे बूट पुढे पळण्यासाठी केलेले असतात, जागच्या जागी फिरण्यासाठी नव्हे. चांगला महागडा बूट नाचायलाही चांगला असणार, हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

अनवाणी पाय

मग आपल्या बायका शेकडो वर्षं अनवाणी फुगड्या घालत आल्या, त्यांचं कसं? तर शेणानं सारवलेली जमीन आणि उघडा तळवा ही जोडी फार चांगली जमते. तळवा धरतोही आणि फिरतोही. आता तीच फुगडी हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून घाला. दोघी मागे झुकलेल्या, पाय मधोमध. एकीचा पाय सटकला की दोघी पाठीवर आपटणार. मंगळागौरीचे कार्यक्रम आता फरशीवर होतात, म्हणून सांगतो: फुगडीला मोजे नकोत, ओली फरशी नको, आणि हातापायाला नुकतंच तेल किंवा क्रीम लावलेलं नको.

अनवाणी पायाचं मोठं विद्यापीठ तर इथून जवळच आहे, नारायणगावला. चैत्रातल्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथल्या राहुट्यांमध्ये ठरतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. लावणी नाचणारी बाई बूट घालत नाही, कारण तिचा तळवा हेच एक वाद्य आहे. पाय आपटला की फळीचा आवाज आणि घुंगरांचा आवाज एकत्र निघतो. मध्ये तळ आला तर तो आवाज मरतो. पण याची किंमत तिचे पाय देतात. भेगा, घट्टे, टाचदुखी, फळीतला खिळा. या कलावंतांकडून शिकायचं ते हे, की अनवाणी नाचायचं असेल तर जमीन आधी स्वतःच्या हातानं तपासायची आणि नाच झाल्यावर पायांची निगा राखायची. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर अनवाणी नाचूच नये. तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, मग जखम झालेली कळत नाही.

कुठला नाच, कुठला तळ

आता एकेक प्रकार बघू. कुठलाही नाच समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. पाऊल टाचेवर पडतं की चवड्यावर? गिरकी किती वेळा आहे? आणि जोडीदाराचा पाय किती जवळ आहे?

पहिला वॉल्ट्झ. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवरा-नवरी पहिला नाच करतात, तो बहुधा या घराण्यातला असतो. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट यांत पुढे जाताना टाच आधी टेकते, मग तळवा, अगदी चालल्यासारखं. पाऊल जमिनीवरून वाहत जातं. पुरुषाला बंद, नाडीचा, चामडी तळाचा बूट, टाच साधारण १ इंच. बाईला पुढून बंद बूट, टाच २ ते अडीच इंच. पुढून बंद का? कारण दोघं अगदी समोरासमोर असतात, पाय पायात जातात. उघड्या बोटांवर पुरुषाचा बूट पडला तर काय होईल, याची कल्पना करा.

दुसरा प्रकार लॅटिन नाचांचा. रुंबा, चा-चा-चा, आणि आपल्याकडे शिकवतात तो साल्सा, बचाटा. इथे वजन चवड्यावर येतं, कंबर चालते, गिरक्या भरपूर. म्हणून बूट मऊ हवा, चवड्याखाली सहज वाकणारा. बाईसाठी पट्ट्यांची, घोट्याला बक्कल असलेली सँडल. स्पर्धेत अडीच-तीन इंची टाच घालतात, पण शिकताना दीड इंच भरपूर झाली. पुरुषांच्या लॅटिन बुटालाही टाच असते, दीड इंचापर्यंत. त्यामुळे वजन आपोआप पुढे, चवड्यावर जातं. हे पुरुष मंडळींना विचित्र वाटतं, पण ती नुसती फॅशन नाही, तिला काम आहे.

तिसरा, अर्जेंटिनाचा टँगो. यात एका पायावर वजन ठेवून सावकाश वळायचं असतं, पुन्हा पुन्हा. गुळगुळीत चामड्याचा तळ इथे सगळ्यांत बरा. टाच उंच चालते, पण ती पायाच्या टाचेच्या बरोबर मध्यावर असली पाहिजे. मागे सरकलेली टाच डुगडुगते.

चौथा, स्विंग म्हणजे लिंडी हॉप. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२० च्या दशकाच्या शेवटी कृष्णवर्णीय नर्तकांनी घडवलेला. उड्या, धावपळ, झोके. इथे उंच टाच नकोच. सपाट, हलका कापडी बूट आणि खाली चामड्याचा पातळ तळ.

आणि पाचवा आपला दांडिया. मैदानात असेल तर जमीन खडबडीत, खडे असतात. तिथे सपाट, मागे पट्टा असलेला जोडा घाला. कोल्हापुरी चप्पल चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तिचा तळ चामड्याचा, म्हणजे सरक उत्तम. पण मागे टाच मोकळी असते. उलटं पाऊल टाकलं की चप्पल मागे राहते आणि मागच्याचा पाय तिच्यात अडकतो. तेव्हा चालायला कोल्हापुरी उत्तम, फेर धरायला मागे पट्टा हवा.

दुकानात आणि गटईकाकांकडे

नाचाच्या खास बुटाला खाली उलट्या चामड्याचा तळ असतो. लोक त्याला स्वेड म्हणतात. चामड्याची खरबरीत, लवदार बाजू खाली. हा तळ पुरेसा धरतो आणि पुरेसा सरकतो. मात्र तो घालून रस्त्यावर जायचं नाही. ओलावा आणि धूळ लागली की लव बसते, तळ काचेसारखा होतो. मग तारेच्या छोट्या ब्रशनं एका दिशेनं घासून लव उभी करायची. बूट पिशवीत न्यायचे, जागेवर घालायचे.

असे बूट आळेफाट्याला किंवा जुन्नरला मिळतीलच असं नाही. पण तुमच्या पेठेत चर्मकार बांधव बसतात ना? तुमचा एखादा जुना, मापात बसणारा, सपाट तळाचा बूट त्यांच्याकडे न्या. तळ घासून साफ करायचा, पातळ स्वेडचा तुकडा त्या मापाचा कापायचा, सोल्यूशन लावून चिकटवायचा, कडा रापीनं साफ करायच्या. त्यांच्या हाताला हे अवघड नाही. बूट नवा घेण्यापेक्षा खर्च कितीतरी कमी. मशीनवरचा बूट आला आणि या कारागिरांचं काम चिकटवण्या-शिवण्यापुरतं उरलं. त्यांना नीट समजावून काम द्या, रास्त पैसे द्या, घासाघीस करू नका.

विकत घ्यायचाच असेल तर संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. दोन्ही पाय घालून बघा. एक पाय थोडा मोठा असतोच, माप त्याचं घ्या. चालायच्या बुटात पुढे अंगठ्याएवढी जागा सोडतात, नाचाच्या बुटात तेवढी सोडायची नाही. बोटं सरळ राहिली पाहिजेत, पण बूट पायाबरोबर वळला पाहिजे. मग चवड्यावर उभं राहा. बूट चवड्याखाली वाकतो का बघा. मधोमध, तळव्याच्या कमानीखाली वाकत असेल तर परत ठेवा, तो पाय दमवणार. शेवटी जागच्या जागी अर्धी गिरकी घ्या. दुकानदार बघत राहिला तर बघू द्या.

ताई, लेहंगा आधी की टाच आधी?

व्याख्यानाआधी एका ताईंनी हा प्रश्न चिठ्ठीवर दिला होता. उत्तर : टाच आधी. लेहंग्याची उंची शिंपी टाचेवर मोजतो. तीन इंची टाचेवर मापलेला लेहंगा घालून ऐन वेळी सपाट चप्पल घातली, तर घेर तीन इंच जमिनीवर लोळणार आणि पहिल्या गिरकीला पायाखाली येणार. म्हणून नाचायचा जोडा आधी ठरवा, तो घालून माप द्या, आणि तालीमही त्याच जोड्यात करा. टाच रुंद घ्या. मांडवातला स्टेज म्हणजे फळ्या, वर गालिचा. गालिच्याखाली फट दिसत नाही आणि टोकदार टाच नेमकी तिच्यात जाते. आदल्या दिवशी पायानं चाचपून फटी कुठे आहेत ते बघा.

दुसरा प्रश्न : फरशी चिकटते म्हणून पावडर टाकली तर? कृपा करून टाकू नका. तुम्हाला सरक मिळेल, पण तुमच्यामागून पानसुपारी घेऊन येणारी आजी घसरेल. जमीन सगळ्यांची असते, बूट आपला. बदलायचा तो बूट.

तिसरा प्रश्न एका काकांचा. आम्हाला एवढं सगळं घ्यायचं नाही, एकच जोड सांगा. तर काका, चामडी तळाचा, नाडीचा, १ इंच टाचेचा, पायाला घट्ट बसणारा साधा काळा बूट घ्या. वॉल्ट्झला चालेल, साल्सा निभावेल, आणि लग्नात जेवायला बसताना काढून ठेवायलाही सोपा. काकूंना विचारून त्यांच्यासाठी दीड इंची रुंद टाचेची, घोट्याला पट्टा असलेली सँडल आणा. आणि घरी आणल्यावर, पाहुण्यांसमोर नाचण्याआधी, आठ दिवस दोघांनी स्वयंपाकघरातल्या फरशीवर फिरून बघा. एकमेकांच्या पायावर पाय पडायचे ते तिथेच पडून घेऊ द्या.