पाण्याच्या गाड्यांची पेठ

सिंगापूरच्या चायनाटाउनला तिथले चिनी लोक ‘न्यू-चे-श्वे’ म्हणतात, म्हणजे बैलगाडीचे पाणी. मलय नावही तेच सांगते : क्रेटा आयर, पाण्याची गाडी. घरोघरी नळ येण्यापूर्वी आन सियांग टेकडीच्या विहिरींचे पाणी बैलगाड्यांतून या पेठेत यायचे. १८२२ मध्ये ब्रिटिश प्रशासक स्टॅमफर्ड रॅफल्सने शहराची आखणी करताना नदीच्या दक्षिणेची जागा चिनी वस्तीसाठी राखली. दक्षिण चीनमधून आलेले हमाल, रिक्षा ओढणारे, सुतार इथल्या दुकानघरांत दाटीवाटीने राहू लागले. खाली दुकान, वर बिऱ्हाडे. पेठ मुळातच कष्टकऱ्यांची, आणि आज या महागड्या शहरात बेताचे पैसे घेऊन येणाऱ्यालाही तीच सांभाळून घेते.

विमानतळावरून टॅक्सीची गरज नाही. चांगीहून मेट्रोत बसावे, एक्स्पोला गाडी बदलावी, की डाउनटाउन लाइन थेट चायनाटाउनला सोडते. जुन्या दुकानघरांत आता कॅप्सूल हॉस्टेले आहेत : अंथरुणापुरती जागा, कुलपाचा कप्पा, सामाईक न्हाणीघर. लेकुरवाळ्यांना ती अडचणीची, एकट्यादुकट्याला पुरेशी.

खरी बचत मात्र जेवणात होते. स्मिथ स्ट्रीट, सागो स्ट्रीट, त्रेंगानू स्ट्रीट हे रस्ते एके काळी फेरीवाल्यांनी गजबजलेले असत. सांडपाणी आणि घाणीचा प्रश्न होताच. सरकारने त्यांना नुसते हुसकले नाही, तर नळ-गटाराची सोय असलेल्या इमारतींत गाळे दिले. १९८३ चे चायनाटाउन कॉम्प्लेक्स याच धोरणातून उभे राहिले. तिथे खाण्याचे अडीचशेहून अधिक गाळे आहेत. त्यांतल्याच एका गाळ्याला २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला, तेव्हा त्याच्याकडची सोया सॉसमधली कोंबडी आणि भात दोन सिंगापूर डॉलरला मिळत होता. २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत स्थान दिले. फेरीवाल्यांवरच्या कारवाईच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही इमारत आवर्जून पाहावी.

टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट दिसले तर ती जागा धरलेली आहे असे समजावे; याला तिथे ‘चोप’ म्हणतात. कॉफीलाही तिची भाषा आहे. नुसती ‘कोपी’ मागितली तर घट्ट गोड दूध घातलेली मिळते, ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची आणि ‘कोसोंग’ जोडले की बिनसाखरेची. शाकाहाऱ्यांनी जरा जपून राहावे, कारण भाजी म्हणून आलेल्या थाळीत सुकी कोळंबी किंवा डुकराची चरबी असू शकते. बौद्ध शाकाहारी गाळे शोधावेत, त्यांत हा धोका नाही. खाऊन झाल्यावर ताट-वाट्या आपण उचलून ठेवायच्या. २०२१ पासून तसा नियमच आहे.

पोट भरले की चालत निघावे. साउथ ब्रिज रोडवर १८२६ ची जामे मशीद आणि १८२७ चे श्री मारिअम्मन मंदिर अगदी जवळजवळ आहेत. मशीद तमिळ मुसलमानांनी उभारली, तर मंदिर पेनांगहून रॅफल्सबरोबर आलेल्या नारायण पिळ्ळै यांनी स्थापले. शेजारच्या पॅगोडा स्ट्रीटचे नाव कुठल्या चिनी मनोऱ्यावरून पडलेले नाही, ते याच मंदिराच्या गोपुरावरून पडले. त्या रस्त्यावरच्या शोभेच्या वस्तू कुठेही मिळतात, त्यांवर पैसे घालवू नयेत.

तेलोक आयर स्ट्रीटवरचे थियान हॉक केंग मंदिर मात्र चुकवू नये. समुद्रदेवी माझूचे हे देऊळ १८४२ मध्ये पुरे झाले, तेव्हा समोर लाटा यायच्या. चीनहून जहाजाने सुखरूप पोहोचलेले लोक उतरल्यावर आधी इथे येऊन तिचे आभार मानत. पुढे भराव पडत गेला आणि समुद्र दूर सरला. ही तिन्ही प्रार्थनास्थळे पाहायला तिकीट नाही.

तारखा जुळवता येत असतील तर दिवाळीच्या साधारण आठवडाभर आधी जावे. त्या वेळी मारिअम्मन मंदिरात तीमिती असते. सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापासून भाविक सुमारे ४ किलोमीटर अनवाणी चालत या चिनी पेठेत येतात आणि निखाऱ्यांवरून जातात.