विश्लेषण : सुरक्षा यंत्रणा असूनही संकटात संस्था का कोलमडतात?

कारखान्यात भोंगा असतो, भिंतीवर नियमांचा फलक असतो, आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडाही फायलीत असतो. तरीही प्रत्यक्ष संकटात अनेक संस्था गोंधळतात. असे का होते, याचा शोध व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक अनेक वर्षे घेत आहेत. भोपाळ वायुदुर्घटना हा या अभ्यासातील महत्त्वाचा टप्पा आहे.

भोपाळमध्ये त्या रात्री काय घडले?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट (एमआयसी) हा विषारी वायू बाहेर पडला. हजारो लोकांचा जीव गेला. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले होते. पण किरकोळ गळती नेहमीचीच, त्यामुळे ‘चहानंतर पाहू’ असे ठरले. टाकीतला दाब वाढल्याचे दिसत होते. मात्र दाबमापकांवर कुणाचा फारसा विश्वास उरला नव्हता. शीतयंत्रणा आधीच बंद केलेली होती. वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीमुळे निकामी होता.

संशोधकांचा निष्कर्ष काय?

अमेरिकी अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९८८ मध्ये भोपाळच्या आधारे एक निबंध लिहिला. आधी परिस्थिती समजते आणि मग माणूस कृती करतो, असे आपण मानतो. वाइक यांच्या मते संकटात अनेकदा काही करून पाहिल्यावरच परिस्थिती उमगते. त्यामुळे काम करणारे हात कमी केले की धोका ओळखणारे डोळेही कमी होतात. भोपाळमध्ये एमआयसी विभागातील एका पाळीचे कामगार १२ वरून ६ वर आणले गेले होते.

वणव्याने काय शिकवले?

वाइक यांचा १९९३ चा निबंध अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या मान गल्च येथील वणव्यावर आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी तिथे १६ जण आगीत अडकले. ही साधी आग आहे, असे समजून ते निघाले होते. ज्वाळा मागे लागल्या तेव्हा प्रमुख वॅगनर डॉज यांनी अवजारे टाकायला सांगितले, समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि जळलेल्या जागेत सर्वांना बोलावले. कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. डॉज त्या राखेत पडून वाचले, आणखी दोघे डोंगरमाथ्यावर पोहोचले. १३ जण दगावले. प्रमुखावरचा विश्वास आणि आपापसातील संवाद आधी तुटला, मग पथक विखुरले, असे वाइक सांगतात.

नियम केल्याने प्रश्न सुटतो का?

अमेरिकी वनसेवेने १९५७ मध्ये अग्निशमनाचे दहा नियम केले. तरीही १९९४ मध्ये कोलोरॅडोतील वणव्यात १४ जवान मरण पावले. त्यातील काहींच्या पाठीवर शेवटपर्यंत ओझे तसेच होते. सवयीची गोष्ट सोडणे हाही सरावाचाच भाग असावा लागतो.

मग उपाय काय?

विमानवाहू युद्धनौका, हवाई वाहतूक नियंत्रण अशा ठिकाणी धोका रोजचाच, पण अपघात कमी. तिथे किरकोळ बिघाडही इशारा मानला जातो. आणीबाणीत हुद्द्यापेक्षा जाणकाराचा शब्द चालतो. चूक कळवणाऱ्याला शिक्षा होत नाही.

या संशोधनाची मर्यादा कोणती?

हे सारे घटना घडून गेल्यावर, चौकशी अहवाल आणि वाचलेल्यांच्या आठवणींवरून मांडलेले असते. शिवाय सगळे लक्ष त्या रात्रीच्या कामगारांवर गेले, तर खर्चकपात करणारे नामानिराळे राहतात. पॉल श्रीवास्तव यांनी भोपाळवरील १९८७ च्या पुस्तकात तंत्रज्ञानाबरोबर कंपनीचे निर्णय, सरकारी देखरेख आणि कारखान्याला खेटून वाढलेली वस्ती यांचाही हिशेब मांडला. ‘चहानंतर पाहू’ हा निर्णय काही मिनिटांचा होता. तो नेहमीचा वाटावा अशी परिस्थिती मात्र आधीच तयार झाली होती.